मराठी विज्ञानकथा आणि तिची उसनी मापे

मराठी विज्ञानकथेच्या आजच्या स्थितीचा विचार करू लागणाऱ्याला प्रथम एका विसंगतीची दखल घ्यावी लागते. ज्या भाषेने २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी एका खगोलशास्त्रज्ञ विज्ञानकथाकाराची निवड केली, त्याच भाषेच्या वाङ्मयेतिहासांत आणि समीक्षाग्रंथांत विज्ञानकथेच्या वाट्याला बहुधा एखादा परिच्छेद येतो, आणि तोही किरकोळ प्रवाहांची हजेरी घेता घेता, ग्रंथ संपत आल्यावर. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले तेव्हा त्यांच्या कथालेखनाचा गौरव सर्वत्र झाला. परंतु त्या गौरवाचा सूर, एवढ्या थोर शास्त्रज्ञाने मराठीत कथा लिहिल्या याबद्दलच्या कृतज्ञतेचा होता, त्या कथांपैकी कोणत्या टिकतील आणि का टिकतील याची चिकित्सा त्यात अभावानेच आढळली. सन्मान विपुल आणि परामर्श तुटपुंजा, अशी ही अवस्था आहे. तिची कारणे केवळ समीक्षकांच्या अनास्थेत शोधणे सोपे असले तरी पुरेसे नाही. कारण ज्या मापांनी मराठीने आजवर विज्ञानकथा मोजली, ती दोन्ही मापे मुळात तिची नव्हतीच, असे तिच्या इतिहासाकडे पाहता म्हणावे लागते.

तो इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. कोचीहून निघणाऱ्या ‘केरळ कोकिळ’ या मासिकात कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे ‘चंद्रलोकची सफर’ हे रूपांतर १९०० सालच्या सुमारास प्रसिद्ध केले, आणि पुढे पंधराएक वर्षांनी श्री. बा. रानडे यांच्या ‘तारेचे हास्य’ या स्वतंत्र कथेचा दाखला मिळतो. त्यानंतरची काही दशके हा प्रकार मासिकांच्या आश्रयाने, अद्भुत आणि रहस्य यांच्या शेजाराला नांदला. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या इतक्या अंगवळणी पाडले की त्याचे परकेपण पुढच्या पिढ्यांना जाणवलेही नाही, अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने विलक्षणाची आवड असलेला प्रौढ वाचक घडविला, द. पां. खांबेटे आणि नारायण धारप यांनी त्या वाचकाला यंत्रे, परग्रह आणि कालप्रवास यांची गोडी लावली. या कालखंडातील लेखकांपैकी कोणावरही विज्ञान शिकविण्याची जबाबदारी नव्हती. त्यांना वाचक खिळवून ठेवावयाचा होता, आणि त्यासाठी विज्ञानातून जे हाती लागेल ते घेण्याची त्यांना पूर्ण मुभा होती. म्हणून त्यांच्या लेखनात शास्त्रीय ढिसाळपणा आहे, परंतु उपदेशाचा भार नाही.

ही स्थिती पालटली ती १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाल्यानंतर. परिषदेचे उद्दिष्ट मराठीतून विज्ञानाचा प्रसार करणे हे होते आणि त्या उद्दिष्टाचे एक साधन म्हणून तिने विज्ञानकथांच्या स्पर्धा सुरू केल्या. १९७४ साली अशाच एका स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. तिच्या लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे दिलेले होते. पुढे उघड झाले की नारळीकरांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून ते नाव घेतले होते, कारण आपल्या प्रतिष्ठेचा परिणाम परीक्षकांवर होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. नारळीकरांच्या कथेची पारख लेखकाच्या कीर्तीचा मुलाहिजा न ठेवता झाल्याचा हा प्रसंग बहुधा पहिला आणि शेवटचा ठरला. १९७५ च्या कराड संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथेची आवर्जून दखल घेतली, ‘किर्लोस्कर’ने तिला आपली पाने खुली केली, आणि १९७९ साली नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह निघाला तेव्हा मराठीत विज्ञानकथा नावाचा प्रतिष्ठित प्रकार अस्तित्वात आला, असे सर्वांनी मानले. केंब्रिजमधील त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी १९५७ साली ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी लिहून शास्त्रज्ञाने कथालेखन करण्याचा जो पायंडा दृढ केला होता, तोच येथे मराठी वळण घेऊन आला होता.

त्यापाठोपाठ जी पिढी पुढे आली तिची कामगिरी कोणत्याही भारतीय भाषेला भूषणावह आहे. बाळ फोंडके यांनी जीवशास्त्रातील प्रश्न मनुष्याच्या शरीरावर आणि नात्यांवर काय ओढवून आणतात याचा सातत्याने वेध घेतला. निरंजन घाटे यांनी अफाट वाचनाच्या बळावर या प्रकाराला विषयांचे वैविध्य दिले. लक्ष्मण लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाईन’ ही कथा ब्रायन ऑल्डिस आणि सॅम लुंडवॉल यांनी संपादिलेल्या १९८६ च्या पेंग्विन जागतिक विज्ञानकथासंग्रहात समाविष्ट झाली. रसायन अभियंता असलेल्या सुबोध जावडेकरांनी कथेच्या निवेदनाकडे आणि रचनेकडे या पिढीत कदाचित सर्वांत अधिक लक्ष पुरविले. १९९३ साली नॅशनल बुक ट्रस्टसाठी फोंडके यांनी ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हा भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह संपादित केला तेव्हा त्यातील मराठीचा वाटा लक्षणीय होता.

परंतु आश्रय मिळाला की आश्रयदात्याचा शिरस्ताही मिळतो. विज्ञानप्रसारक संस्थेच्या छत्राखाली वाढलेल्या या कथेकडे वाचक, परीक्षक आणि पुष्कळदा स्वतः लेखकही विज्ञानप्रसाराचे एक मनोरंजक साधन म्हणूनच पाहू लागले. आपल्या कथांमागे हा हेतू आहे हे नारळीकरांनी कधी लपविले नाही, आणि त्यात लपविण्यासारखे काही नव्हतेही. अडचण हेतूत नाही. त्या हेतूपासून निघालेल्या मापात आहे. कथेतील विज्ञान बिनचूक आहे काय, हा पहिला प्रश्न ठरला आणि वाचकाला ते समजले काय, हा दुसरा. त्यापुढे प्रश्न विचारण्याचे कारणच उरले नाही. या मापाने कथेच्या घडणीवर केलेला परिणाम शेकडो स्पर्धाकथांत पाहावयास मिळतो. एक विद्वान प्राध्यापक, एक जिज्ञासू पुतण्या किंवा पत्रकार मित्र, चहाचे पेले रिकामे होत असताना चाललेले दीर्घ विवेचन आणि अखेरीस एक धक्का, असा हा सांगाडा इतका रूढ झाला की नवोदित लेखकाला तो या प्रकाराचा नियमच वाटावा.

दुसरे माप साहित्यिकांकडून आले, आणि तेही विज्ञानकथेला तितकेच परके होते. ‘सत्यकथे’च्या परिघात नवकथा रुजली तेव्हापासून मराठी समीक्षेने अनुभवाच्या सच्चेपणाला सर्वोच्च स्थान दिले. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या कथा या मापाने तेजाळून निघाल्या. पुढे बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आणि भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी, ही दोन्ही पुस्तके १९६३ साली आली, आणि दलित व ग्रामीण साहित्याच्या चळवळींनी तसेच देशीवादाच्या विचाराने हेच माप आणखी धारदार केले: जे भोगले ते लिहिले काय, ज्या मातीतून लेखक आला तिची भाषा त्याने राखली काय. या कसोटीने मराठी साहित्याचे जे हित केले ते थोर आहे; तथापि जी कथा कोणी भोगलेलीच नाही, जिचे सारे अस्तित्व ‘असे झाले असते तर’ या एका अटीवर उभे आहे, तिला ही कसोटी लावावयाची कशी? समीक्षकाने ती लावली नाही, आणि दुसरी शोधलीही नाही. प्रकरण विज्ञानाच्या खात्यातले आहे असे ठरवून त्याने ते शास्त्रज्ञांच्या हवाली केले. शास्त्रज्ञांनी त्यातील सूत्रे तपासून शिक्का मारला आणि कथा कथा म्हणून कोणीच वाचली नाही.

मग या प्रकाराचे स्वतःचे माप कोणते? पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न मार्गी लागावयास बराच काळ गेला. अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक १९२६ साली निघाले, आणि ‘एक्स्ट्रापोलेशन’ हे अभ्यासकांचे पहिले नियतकालिक १९५९ साली. डार्को सुविनचा पायाभूत ग्रंथ तर १९७९ चा. विज्ञानकथा वाचकाला त्याच्या परिचित जगापासून दूर नेते, परंतु विचाराच्या आणि कार्यकारणाच्या वाटेने नेते, हे सुविनचे प्रतिपादन सर्वांना मान्य झाले नसले तरी त्याने चर्चेला एक बैठक दिली. मराठीपुरते बोलावयाचे तर मला हे माप अधिक साध्या शब्दांत मांडणे योग्य वाटते. कथेने आरंभी एक अट मान्य करून घ्यावी, ती कितीही विलक्षण असो. मात्र एकदा ती मान्य झाली की तिच्या परिणामांशी कथेने इमान राखावे. हे परिणाम प्रयोगशाळेच्या भिंतीपाशी थांबत नाहीत. ते घरात शिरतात, कचेरीत शिरतात, कायद्यात, भाषेत, लग्नकार्यात, जमीनजुमल्याच्या वादात शिरतात. जी कथा त्यांचा जितका दूरवर पाठपुरावा करते ती तितकी समर्थ. विज्ञानाची बिनचूकता या पाठपुराव्याला उपकारक आहे, परंतु ती त्याची जागा घेऊ शकत नाही.

हे माप लावून नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेकडे पाहावे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात की जेथे १७६१ च्या पानिपतात मराठ्यांचा विजय झालेला आहे. पुण्याहून आगगाडीने मुंबईला येताना त्यांच्या ध्यानी येते की या जगात मुंबईवर ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल अजून चालू आहे. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्यांना स्वतःच लिहिलेला इतिहासाचा खंड भेटतो, आणि तेथल्याच एका बखरीत विश्वासरावांचे प्राण घेणारी गोळी त्यांना नुसती चाटून गेल्याचे नमूद असते. आझाद मैदानावर व्यासपीठावरची अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून ते उत्साहाने तीत जाऊन बसतात आणि अध्यक्षीय भाषणांना केव्हाच रजा दिलेल्या त्या श्रोतृसमुदायाचा रोष ओढवून घेतात. येथपर्यंत कथा परिणामांचा जो माग काढते तो अप्रतिम आहे: एका गोळीची दिशा किंचित बदलली तर रेल्वेचा कारभार, ग्रंथालयातील मजकूर आणि जाहीर सभेची रीत यांत काय फरक पडेल, हे ती विवेचनाने सांगत नाही, घडवून दाखविते. उत्तरार्धात मात्र मित्र राजेंद्र देशपांडे गंगाधरपंतांना आपत्तिसिद्धांत आणि पुंजवादातील अनिश्चितता समजावून देऊ लागतो, आणि कथेची चाल वर्गात आल्यासारखी मंदावते. प्रसाराचे माप लावणारा हा उत्तरार्धच कथेचे सार मानील. अनुभवाचे माप लावणारा सगळी कथाच बाजूस सारील. दोघांच्याही नजरेतून जे निसटते ते म्हणजे गंगाधरपंतांच्या खिशात सापडलेले बखरीचे फाटके पान. मराठी मनाला जी गोष्ट अडीचशे वर्षे सलत आली तिचा उलट निकाल नोंदविणारा तो एक दस्तऐवज कथेत पुराव्याचे काम करतो, आणि ते काम कोणत्याही सिद्धांताच्या विवेचनाहून अधिक प्रभावीपणे करतो. इतिहासाच्या साधनांवर इतकी श्रद्धा असलेल्या समाजातच ही युक्ती सुचू शकते आणि फळू शकते.

याच दृष्टीने ‘उजव्या सोंडेचा गणपती’ पाहता येईल. तीत डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीचे भौमितिक कोडे देव्हाऱ्यातील मूर्तीपर्यंत आणि क्रिकेटच्या मैदानापर्यंत नेलेले आहे. जावडेकरांची ‘आकांत’ ही कादंबरीही अशीच पुन्हा वाचली पाहिजे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये मिथिल आयसोसायनेट वायूने जो संहार केला त्यावर ती आधारलेली आहे. म्हणजे तिचा विषय भविष्यातला नाही, घडून गेलेला आहे. रूढ व्याख्येप्रमाणे तिला विज्ञानकथा म्हणावे की नाही याबद्दल वाद होईल. परंतु तंत्रज्ञानाच्या एका निर्णयाचे परिणाम कारखान्याच्या व्यवस्थेतून शहराच्या गल्ल्यांपर्यंत कसे झिरपतात याचा जो शोध तीत आहे, तोच या प्रकाराचा प्राण आहे. अरुण साधूंचे उदाहरण तर बोलके आहे. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या त्यांच्या राजकीय कादंबऱ्यांची चर्चा अखंड चालू राहिली. परंतु त्याच लेखकाने १९८५ साली ‘विप्लवा’ ही विज्ञानकादंबरी लिहिली तेव्हा, सत्तेच्या यंत्रणेची इतकी सूक्ष्म जाण असलेला मनुष्य या प्रकाराकडे का वळला, हा साधा प्रश्नही समीक्षेने गंभीरपणे विचारला नाही. राजकीय समीक्षकाला ती विज्ञानाची वाटली, विज्ञानाच्या अभ्यासकाला ती राजकीय लेखकाची वाटली, आणि दोन्ही दप्तरांत तिची नोंद अपुरीच राहिली.

हेच नारायण धारपांच्या बाबतीत अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. भयकथाकार ही त्यांच्यावर बसलेली मोहर इतकी ठळक होती की ‘गोग्रॅमचा चितार’ आणि ‘नेनचिम’ यांसारख्या त्यांच्या विज्ञानकल्पित लेखनाला प्रतिष्ठितांच्या पंक्तीला फार उशिरा बोलावणे आले. वास्तविक मराठीत विज्ञानकथेचा सामान्य वाचक ज्यांनी टिकवून धरला त्यांत वाचनालयांतून झिजून गेलेल्या धारपांच्या पुस्तकांचा आणि ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांचा वाटा कोणत्याही स्पर्धेहून कमी नाही. इतिहास स्पर्धेपासून सुरू केला तर हा वाटा हिशेबात येत नाही. म्हणून मराठी विज्ञानकथेचा इतिहास म्हणून जो आज सांगितला जातो तो पुष्कळ अंशी एका संस्थेच्या परंपरेचा इतिहास आहे. तो खोटा नाही, पण अर्धा आहे.

आता प्रत्यक्ष आजच्या निर्मितीकडे वळू. ती थांबलेली नाही. संजय ढोले यांच्यासारखे व्यवसायाने भौतिकशास्त्रज्ञ असलेले लेखक नारळीकरांच्या परंपरेत लिहीत आहेत. मेघश्री दळवी यांच्यासारख्या लेखिकांनी संगणक, दळणवळण आणि बदलती नाती यांना कथेत आणले आहे. स्पर्धा चालू आहेत आणि दिवाळी अंकांत विज्ञानकथेची जागा अद्याप राखलेली असते. मात्र दोन नव्या अडचणी या लेखकांसमोर आहेत. पहिली म्हणजे वास्तवाने कल्पनेला गाठले आहे. १९०० साली चंद्राची सफर ही कल्पनेची परिसीमा होती. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले ते मराठी घरांनी सायंकाळी दूरचित्रवाणीवर पाहिले. मनुष्यासारखी भाषा लिहिणारे यंत्र कालपर्यंत कथेचा शेवटचा धक्का होते; आज ते विद्यार्थ्याच्या खिशात आहे. केवळ शोधाच्या नवलावर उभी असलेली कथा अशा काळात वर्षभरही टिकत नाही. टिकते ती परिणामांवर उभी असलेली. मुलगाच हवा या हट्टाला विज्ञानाने साधन पुरविले तर काय होईल, या प्रश्नावर लिहिलेली नारळीकरांची ‘पुत्रवती भव’ तिच्यातील तंत्र जुने झाले तरी वाचनीय राहते, याचे कारण हेच.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. मराठी विज्ञानकथेचा नायक अजूनही बहुधा पुण्यामुंबईचा, सुशिक्षित, पांढरपेशा संशोधक असतो. तिच्यात जात क्वचितच येते, ग्रामपंचायत क्वचितच येते, साखर कारखाना आणि पाण्याचे वाटप क्वचितच येते. जणू तंत्रज्ञान या सगळ्याला वळसा घालून थेट अंतराळात जाते. प्रत्यक्षात बियाणे, भ्रमणध्वनी, आधारचे ठसे आणि उपग्रहाचे छायाचित्र यांनी मराठवाड्यातील किंवा खानदेशातील गावाचे जीवन जेवढे हलविले आहे तेवढे कोणत्याही परग्रहवासीयाने हलविले नसते. ग्रामीण आणि दलित साहित्याने कमावलेले सामाजिक ज्ञान आणि विज्ञानकथेची ‘असे झाले तर’ ही पद्धत यांचा संयोग मराठीत अजून व्हावयाचा आहे. तो झाला तर अनुभवाचे माप आणि परिणामांचे माप यांतील जुना विरोधही आपोआप मावळेल.

समीक्षेचा ताळेबंद मांडणे याहून सोपे आहे, कारण जमेची बाजू लहान आहे. परीक्षणे होतात ती परिचयाच्या पातळीवर. संग्रहांना प्रस्तावना असतात त्या बहुधा विज्ञानकथेच्या व्याख्येपासून आरंभ करून तेथेच रेंगाळतात. विद्यापीठांतील प्रबंध विषयवार वर्गीकरण करून थांबतात, म्हणजे अंतराळाच्या कथा इतक्या, यंत्रमानवाच्या तितक्या. भारतीय विज्ञानकथेवर इंग्रजीत अलीकडे जे ग्रंथ निघाले, उदाहरणार्थ २०२० चा सुपर्णो बॅनर्जी यांचा, त्यांत मराठीची दखल आहे. परंतु मुळातून मराठी वाचून केलेल्या सखोल चिकित्सेची उणीव परभाषेतील ग्रंथ भरून काढू शकत नाही. बंगालीकडे पाहावे. जगदीशचंद्र बोसांच्या १८९६ च्या कथेपासून, सत्यजित राय यांच्या १९६१ साली अवतरलेल्या प्राध्यापक शंकूपर्यंत आणि अद्रीश वर्धन यांनी १९६३ साली काढलेल्या ‘आश्चर्य’ मासिकापर्यंतची परंपरा बंगाली वाचक एकसलग म्हणून ओळखतो, आणि तिच्यात शास्त्रज्ञ, चित्रपटकार व मासिकाचा संपादक शेजारी शेजारी बसतात. मराठीत सामग्री तितकीच असून ती सलग लावण्याचे काम झालेले नाही.

त्या कामाचा आरंभ कोठून करावा, हेही उघड आहे. ‘नवल’, ‘किर्लोस्कर’, ‘धनंजय’ आणि परिषदेची पत्रिका यांतील विज्ञानकथांची वर्षवार सूची प्रथम झाली पाहिजे, कारण संग्रहांत न आलेली कथा आज रद्दीच्या वाटेवर आहे. त्यानंतर निवडक कथांची, पाठभेद आणि टिपा असलेली, चिकित्सक आवृत्ती निघाली पाहिजे. स्पर्धांच्या परीक्षकमंडळात शास्त्रज्ञाच्या बरोबरीने कथेचा जाणकार बसावा आणि निकालाबरोबर निवडीची कारणे छापावीत. ज्या लेखकाला आपली कथा का नाकारली गेली हे कधीच कळत नाही त्याने सुधारावे कसे? यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. लागते ते एवढेच की हा प्रकार अनुकंपेला किंवा कौतुकाला नव्हे, तर परखड वाचनाला पात्र आहे, असे समीक्षकाने मानणे.

मराठी विज्ञानकथेची उपेक्षा झाली ही तक्रार आता पुरे झाली. पारितोषिके, शालेय पाठ्यपुस्तके, परदेशी संग्रह आणि संमेलनाचे अध्यक्षपद एवढे मिळाल्यावर ती तक्रार शोभत नाही. तिला जे मिळाले नाही ते तिच्या गुणदोषांचे नेमके माप आहे, आणि ते माप हाती असते तर नारळीकरांच्या कथांपैकी निम्म्या बाजूस ठेवून उरलेल्या निम्म्या मराठीच्या उत्तम कथांत निःसंकोच बसविता आल्या असत्या. ज्या वाङ्मयप्रकाराची अशी निवड करण्यास समीक्षा धजत नाही, त्याला तिने अजून वाङ्मय मानलेले नसते.